थंडीची दुपार, गोधडी आणि मनाची उसंत

मध्य प्रदेशाच्या दक्षिण टोकाला, नागपूरच्या वेशीला लागून पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके आहेत. पूर्वी ते छिंदवाडा जिल्ह्यात होते. २०२३ मध्ये त्यांचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. राज्याचा कारभार हिंदीत चालत असला, तरी येथील घराघरांत मराठी नांदते. कापूस आणि संत्री ही या भूमीची ओळख. सातपुड्यावरून गार वारे उतरू लागले की शिवारात कापसाची वेचणी सुरू होते, आणि दुपारच्या कोवळ्या उन्हात जुन्या लुगड्यांच्या घड्या उलगडून गोधडी शिवायला घेण्याचे दिवसही हेच.

गोधडी, म्हणजेच वाकळ, हे मुळात काटकसरीचे शास्त्र आहे. वापरून मऊ झालेली सुती लुगडी, धोतरे धुऊन, वाळवून एकावर एक अंथरली जातात. प्रथम लांब टाके घालून थर जागच्या जागी धरायचे, मग काठापासून आत, मध्याच्या दिशेने धावदोरा घालत जायचे. थरांमध्ये अडकलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही आणि टाके थरांना सरकू देत नाहीत.

या कामाने मन शांत का होते? एकच टाका पुन्हापुन्हा घालताना हाताला लय सापडते आणि श्वासही तिच्याशी जुळतो. अमेरिकी वैद्यक हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ मध्ये मांडले होते, की एखादी कृती वा शब्द सातत्याने आवर्तित केल्यास, आणि मध्ये येणाऱ्या विचारांकडे दुर्लक्ष करून पुन्हा त्याकडेच वळल्यास, शरीरावरील ताण ओसरतो. विणकाम करणाऱ्या साडेतीन हजारांहून अधिक व्यक्तींची आंतरराष्ट्रीय पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. जे वारंवार विणतात, त्यांनी अधिक शांत वाटत असल्याचे त्यात नोंदवले. अर्थात हे विणणाऱ्यांचे स्वतःचे कथन होते. त्याला औषधोपचाराचा पर्याय मानता येणार नाही.

हातकाम आणि मन यांचा हा संबंध या परिसराला नवा नाही. पांढुर्ण्याच्या दक्षिणेस वर्धा आहे. तेथे ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षणाची कल्पना मांडली. हात कामात गुंतला की बुद्धीही घडते, हा त्यामागचा विश्वास होता.

मात्र गोधडीचे केवळ गोडवे गाणे अन्यायाचे ठरेल. ती विरंगुळ्यासाठी नव्हे, गरजेपोटी जन्मली. ती शिवणाऱ्या स्त्रीच्या श्रमाचा मोबदला कोणी मोजला नाही. घरकाम आणि शेतकाम उरकून उरलेल्या वेळातच तिचे टाके पडत. तरीही त्या वेळेत शेजारणी जवळ बसत, सुखदुःख बोलले जाई, नजर हातातल्या कापडावर असल्याने अवघड गोष्टही सहज ओठांवर येई. आज बाजारात स्वस्त ब्लँकेट मिळते. सुती लुगड्यांच्या जागी आलेल्या कृत्रिम धाग्यांच्या साड्या निसरड्या असतात, घाम शोषत नाहीत. गरज संपली हे चांगलेच झाले. परंतु तिच्याबरोबर ती एकत्र बसण्याची घटकाही विरत चालली आहे.

गोव्याची थंडी सौम्य. येथे ऊब हे कारण पुरेसे नाही. पण आपल्या सीमेलगतच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या स्त्रिया आजही रंगीत तुकड्यांची ‘कवंदी’ शिवतात आणि तिच्या कोपऱ्यांवर कापडी फुले जोडल्याखेरीज ती पूर्ण मानत नाहीत. उपयुक्ततेपलीकडे जाणारा हा आनंदच आपल्याला घेता येईल.

सुरुवात लहान असावी. दोन जुन्या सुती साड्यांतून बाळासाठी दुपटे सहज होते. लांब सुई, जाड सुती दोरा आणि दुपारचा अर्धा तास पुरे. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. टाके वाकडे पडले तरी उसवू नयेत. आणि घरात आजी वा आई असेल, तर तिला जवळ बसवावे. साडी कोणाची, ती कधी घेतली, हे तिलाच ठाऊक असते. आणि ते विचारायला याहून चांगली वेळ क्वचितच मिळते.