धास्ती नको, तरतूद हवी

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. ‘लाँग कोविड’चा वाद मात्र संपला नाही. एक पक्ष प्रत्येक थकव्यात तोच आजार पाहतो, दुसरा त्यास मनाचा खेळ म्हणतो. संघटनेच्या व्याख्येनुसार, संसर्गानंतर साधारणतः ३ महिन्यांनी आढळणारी, किमान २ महिने टिकणारी आणि अन्य निदानाने उलगडा न होणारी लक्षणे म्हणजे हा विकार. थकवा, धाप व विस्मरण ही त्यांतील प्रमुख.

बँकेत कर्जप्रकरण तपासताना आम्ही दोन प्रश्न विचारीत असू : बुडण्याची शक्यता किती आणि बुडाल्यास नुकसान किती? आरोग्यासही हीच कसोटी लावावी. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. तरीही आपण हेल्मेटविना वसुलीस निघतो. दिवसभर गादीवर बसूनही रक्तदाब मोजून घेत नाही. सवयीच्या धोक्याचे भय वाटत नाही, एवढेच.

म्हणून लाँग कोविड क्षुल्लक ठरत नाही. शक्यता कमी असली, तरी तरतूद करावीच लागते. कोविडनंतर कित्येक महिने थकलेल्या माझ्या धाकट्या बंधूंना मी आळशी ठरविले होते; त्याची खंत आजही आहे. आपल्या घरात वा पेढीवर असे कोणी असल्यास बोल लावण्यापूर्वी त्यांस डॉक्टरांकडे न्यावे. रक्तक्षय, मधुमेह, थायरॉईड यांचीही तपासणी त्याच वेळी करून घ्यावी.