शनिवार तेल्यांचे सण

सण जवळ आला की आपल्या घरात पहिला प्रश्न येतो खर्चाचा. कपडे, किराणा, पाहुणे. प्रसंगी उसनवारीही होते. आज तुम्हाला अशा सणांविषयी सांगतो, जे खर्चाआधी माणसाला जाब विचारतात.

कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, 'शनिवार तेली' नावाने ओळखले जाणारे लोक होते. हे बेने इस्राएल. धर्माने ज्यू, बोली मराठी, आडनावे पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी गावांवरून पडलेली. 1948 साली इस्राएल देश झाल्यावर बहुतेक कुटुंबे हळूहळू तिकडे गेली. त्यांचा जुना धंदा तेलघाण्याचा. शनिवारी ते घाण्याला बैल जुंपत नसत.

घाणा बंद म्हणजे त्या दिवसाची मिळकत बंद. हातावर पोट असणाऱ्याला हे सोपे नव्हे. पण त्यांच्या धर्मग्रंथाची आज्ञा आहे की सातव्या दिवशी धन्याने थांबावे, गड्याने थांबावे आणि बैलानेही थांबावे. कारणही दिले आहे: तुमचे पूर्वज मिसर देशात गुलाम होते, हे विसरू नका. गुलामाला विसावा नसतो. आपण पोळ्याला बैलाच्या खांद्यावरचे जू उतरवतो; इथे दर आठवड्याला पोळा, आणि तोही गड्यासकट!

सुगीनंतर येतो मांडवांचा सण, सुक्कोथ. धान्य घरात आलेले असते आणि नेमके तेव्हाच सात दिवस पाल्याने शाकारलेल्या मांडवात जेवायचे. छप्पर इतके विरळ की रात्री चांदण्या दिसाव्यात. पूर्वज चाळीस वर्षे रानोमाळ भटकले, त्याची ही आठवण. कणगी भरली तरी डोक्यावर आभाळच आहे, हे तो मांडव सांगतो.

जानेवारी-फेब्रुवारीत झाडांचे नवे वर्ष असते. झाडाचे वय या दिवसापासून मोजतात. लावल्यापासून पहिली तीन वर्षे त्याचे फळ खायचे नाही. आंब्याच्या कोवळ्या कलमाचा मोहर खुडा, असे आम्ही शेतीखात्याचे लोक तुम्हाला सांगतो, तेव्हा बागायतदाराचा जीव वर-खाली होतो. पण झाडाला आधी अंग धरू द्यावे लागते. या दिवशी बेने इस्राएल लोक अलिबागजवळच्या खंडाळे गावी जातात आणि एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने पोहे, खोबरे, फळे यांचा मलिदा करतात.

सर्वांत कठीण सण किप्पूर. दिवसभर अन्न नाही, पाणी नाही. देवाकडे पापांची क्षमा मागायची. पण त्यात एक मेख आहे. देवाचा अपराध देव माफ करील. शेजाऱ्याचा केला असेल तर आधी शेजाऱ्याचे घर गाठायचे, त्याचे नुकसान भरून द्यायचे, त्याची समजूत घालायची. त्याशिवाय उपास फळत नाही.

आता आपल्या शिवाराकडे पाहा. बांध कोरला म्हणून दोन भाऊ वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात आणि एकादशी मात्र दोघेही चुकवत नाहीत! जमीन हातभर, वैर पिढ्यांचे.

धर्म कुणाचा कोणताही असो. येत्या सणाला नवे कापड थोडे कमी घ्या; पण ज्याच्याशी बोलणे तुटले आहे, त्याच्या दारी फराळाचे ताट घेऊन आपण होऊन जा. बांधाचे बोलणे मग शांतपणे बसून करा.