नाव कराचीचे, माल सुरतेचा

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचे कापडाचे दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचे. सप्टेंबर २०२५ मध्ये, लग्नसराईच्या खरेदीला निघण्याच्या दोन दिवस आधी, एक बाई मुलीच्या लग्नाचे कपडे पाहायला आल्या. एकूण अकरा सूट घ्यायचे होते. आमच्या मुलाने जॉर्जेटवर भरतकाम केलेले सूट त्यांच्यापुढे पसरले. बाईंनी एक हातात घेऊन विचारले, ‘‘हा ओरिजिनल पाकिस्तानीच आहे ना?’’

मुलगा म्हणाला, ‘‘एकदम ओरिजिनल, खाला.’’

आम्ही गल्ल्यावर बसलो होतो. ऐकले आणि गप्प राहिलो. बाईंनी दोन सूट घेतले, बाकीचे नऊ नवा माल आल्यावर घेऊ म्हणाल्या आणि गेल्या. बिल फाडून झाले, पण ते गप्प राहणे काही मनातून जाईना. सुरतेच्या गाडीत आमच्याबरोबर तेही चढले.

गाडीत समोरच्या बाकावर एक कॉलेजची मुलगी आईला मोबाईलवर एका पाकिस्तानी मालिकेतल्या नायिकेचा फोटो दाखवत होती. आई म्हणाली, ‘‘ते सगळं बंद झालं ना आता?’’ मुलगी म्हणाली, ‘‘इन्स्टाग्राम बंद झालं. कपडे मी आधीच सेव्ह करून ठेवलेत.’’

वाचकहो, या एका वाक्यात आमच्या धंद्याचा दहा-बारा वर्षांचा इतिहास आला. २०१४ साली ‘जिंदगी’ नावाचे चॅनेल सुरू झाले आणि ‘जिंदगी गुलजार है’, ‘हमसफर’ या मालिका आपल्या घरांत शिरल्या. लांब कुर्ता, सरळ पॅन्ट, मोठा दुपट्टा ही फॅशन तिथून पसरली. २०१६ मध्ये उरीच्या हल्ल्यानंतर चॅनेलने त्या मालिका बंद केल्या, तर लोक यूट्यूबवर पाहू लागले. पहलगामच्या हल्ल्यानंतर, एप्रिल-मे २०२५ मध्ये, अनेक पाकिस्तानी चॅनेल आणि नटनट्यांची खाती आपल्याकडे बंद करण्यात आली. व्यापाराचे म्हणाल तर फेब्रुवारी २०१९ मध्ये भारताने पाकिस्तानी मालावर २०० टक्के जकात लावली, ऑगस्टमध्ये पाकिस्ताननेच व्यापार थांबवला, आणि २ मे २०२५ रोजी भारताने तिकडची आयात पूर्ण बंद केली. थेट असो की तिसऱ्या देशातून फिरून आलेली असो.

चॅनेल बंद, खाती बंद, आयात बंद. पण ‘पाकिस्तानी सूट’ काही बंद झाला नाही. बंद होणार कसा? आमच्या मांडणीवरच्या मालाने कधी सरहद्द ओलांडलीच नव्हती. तो सुरतेहून येत होता.

नवरात्राचे दिवस होते. सुरतेच्या रिंगरोडवर एकाला एक लागून उंच मार्केटे, जिन्यांवर डोक्यावर गठ्ठे घेतलेले हमाल, खाली टेम्पोंची रांग. २२ सप्टेंबरला जीएसटीचे नवे दर लागू झाले होते आणि प्रत्येक गादीवर तीच चर्चा. तयार कपडा २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्याच्या वर गेला की एकदम १८. पूर्वी ही रेषा १,००० रुपयांवर होती. एक व्यापारी हसत म्हणाला, ‘‘अब देखना, पूरे हिंदुस्तान का सूट २,४९९ का हो जाएगा.’’

आमच्या नेहमीच्या पेढीवर कॅटलॉग पुढे आला. सहा डिझाइनचा सेट, घ्यायचा तर पूर्ण घ्या, हा सुरतेचा जुना नियम. आम्ही पाहिले, तर भरतकाम तेच, रंग तेच, फक्त मुखपृष्ठावरचा ‘पाकिस्तानी’ शब्द गायब. त्या जागी सोनेरी अक्षरांत ‘लक्झरी कलेक्शन’. शेठ म्हणाले, ‘‘मे महिन्यात काढून टाकला. कोण झंझट घेणार?’’ आम्हाला जयपूरची आठवण झाली. तिथे त्याच महिन्यात काही मिठाईवाल्यांनी ‘मैसूर पाक’चे नाव बदलून ‘मैसूर श्री’ केले होते. बिचाऱ्या मैसूर पाकातला ‘पाक’ म्हणजे साखरेचा पाक. तूप तेवढेच, बेसन तेवढेच, नाव तेवढे देशभक्त झाले. शेठना हे सांगितले तर ते म्हणाले, ‘‘भाई, आमचेही तसेच. पण तुमच्या गावात जाऊन दुकानदार पुन्हा जुनेच नाव सांगतो, त्याला आम्ही काय करणार?’’

हा टोला आम्हालाच होता. त्यांना माहीत नव्हते एवढेच.

कापड नावावर विकले जाते हे आम्ही नाकारत नाही. ‘अनारकली’ घराघरात नेली १९६० च्या ‘मुगल-ए-आझम’ने. ‘ब्रह्मचारी’ चित्रपटातली (१९६८) मुमताजची नारिंगी साडी तिच्याच नावाने ओळखली गेली. ती तयार करणाऱ्या भानू अथैया आपल्या कोल्हापूरच्या, ज्यांना पुढे ‘गांधी’ चित्रपटासाठी ऑस्कर मिळाले. १९९४ साली आम्ही दुकानात नवे होतो. ‘हम आपके हैं कौन’ आला आणि माधुरीची जांभळी साडी मागणाऱ्यांनी आम्हाला जेवू दिले नाही. २००५ मध्ये ‘बंटी और बबली’च्या कॉलरवाल्या कुर्त्या आल्या. पण माधुरीची साडी मागणारी बाई ती माधुरीच्या कपाटातून आली असे समजत नव्हती. नक्कल आहे हे तिलाही ठाऊक, आम्हालाही ठाऊक. ‘ओरिजिनल पाकिस्तानी’मध्ये मात्र ग्राहकाला ठाऊक नसते, आणि त्या न ठाऊक असण्याचेच पाच-सातशे रुपये आपण जास्त घेतो.

सुरतेहून लुंगी आणि सुती कापडासाठी मालेगावला उतरलो. शुक्रवार होता, माग बंद. एरवी ज्या गल्लीत खटखटीमुळे शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही, तिथे पोरे क्रिकेट खेळत होती. मागवाल्यांकडे चहा घेताना सिनेमाचा विषय निघाला. याच गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० च्या सुमारास इथलीच माणसे घेऊन ‘मालेगाव के शोले’ बनवला, पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ केला आणि त्यात मागावर काम करणारा माणूस सुपरमॅन झाला. त्यांच्यावर रीमा कागती यांनी केलेला ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभर लागला.

तिथे बसल्या बसल्या आमच्या लक्षात आले. या लोकांनी नक्कलच केली होती. पण नावात आधी ‘मालेगाव’ लिहिले. ओरिजिनल शोले म्हणून तिकीट विकले नाही. म्हणून लोक त्यांच्यावर हसले नाहीत, त्यांच्याबरोबर हसले. आणि आमच्या सुटावर मात्र सुरतेचे नाव नाही, भरतकामाच्या मशीनवर बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या कारागिराचेही नाही.

परतीच्या बसमध्ये २०२१ आठवले. २२ जुलैला वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले आणि आमच्या दुकानातला माल चिखल झाला. सुरतेची बाकी डोक्यावर होती. आम्ही त्याच शेठना फोन केला. ते म्हणाले, ‘‘पैसा कहीं नहीं जाता, मियाँ. पहले दुकान धो लो, माल मैं भेजता हूँ.’’ ना कागद, ना चेक. कशावर पाठवला त्यांनी माल? वडिलांच्या आणि आमच्या शब्दावर. पुरात सगळे गेले, पत वाचली होती, तिच्यावर दुकान पुन्हा उभे राहिले. तीच पत आम्ही एका सुटामागे पाच-सातशे रुपयांना विकत होतो.

घरी आल्यावर मुलाशी बोललो. तो म्हणाला, ‘‘अब्बा, सगळा बाजार हेच सांगतो. आपण एकट्याने खरे बोललो तर ग्राहक शेजारी जाईल.’’ त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आम्ही त्याला एवढेच सांगितले की ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, अशा खोट्या सांगण्याला अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो, आणि कायद्याच्या आधी वर एक हिशेब आहेच.

आठवड्याने त्या बाई आल्या. आम्ही स्वतः उठून सांगितले की हे सूट सुरतेचे आहेत, तेव्हा चुकीचे सांगितले गेले आणि आम्ही ऐकून गप्प राहिलो. दोन्ही परत करायचे असतील तर पैसे घेऊन जा. बाई रागावल्या. म्हणाल्या, ‘‘तेव्हा का नाही बोललात? एक तर शिवायला दिलाय.’’ आमच्याकडे उत्तर नव्हते. दोन्ही सुटांचे जादा घेतलेले पैसे परत केले. त्यांनी नऊपैकी चार आमच्याकडून घेतले, पाच दुसरीकडून. त्या पाचांवर काय नाव सांगितले गेले असेल, ते व्यापारी बांधवांनी ओळखावे.

आता दुकानात पाटी लावली आहे: ‘पाकिस्तानी कट, सुरतेचा माल’. काही जण वाचून हसतात, काही परत जातात. पहिल्या महिन्यात या सुटांची विक्री कमी झाली, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण भाव करताना आता ‘ओरिजिनल आहे का’ असा प्रश्न येत नाही, कापड कसे आहे असा येतो. त्याचे उत्तर आम्हाला देता येते. कापड आम्हाला कळते.