वृक्षाचा धीर, फळाची त्वरा

कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील संग्रहालयात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची एक छोटी कांस्यमूर्ती जपून ठेवलेली आहे. ब्रह्मपुरीच्या उत्खननात ती सापडली आणि सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्रावरचा व्यापार पंचगंगेच्या काठापर्यंत येऊन भिडला होता, याचा सबळ दाखला हाती आला. या देवाविषयी ग्रीकांनी जी कथा जतन केली, तिच्यात मात्र तो पराभूत आहे. अथेन्स नगरीचे स्वामित्व कोणाकडे, असा तंटा त्याच्यात आणि अथीना देवीत उभा राहिला, तेव्हा त्याने अक्रोपोलिस टेकडीच्या कातळावर त्रिशूळ हाणून खाऱ्या पाण्याचा झरा काढला. देवीने तेथेच ऑलिव्हचे, म्हणजे जैतुनाचे, झाड लावले. आणि निवाडा झाडाच्या बाजूने झाला. इ. स. पूर्व ४८० मध्ये इराणी सैन्याने अक्रोपोलिस जाळले, त्यात ते झाडही होरपळले. पण दुसऱ्याच दिवशी त्याच्या बुंध्यातून हातभर लांबीचा कोंब फुटलेला दिसला, असे ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने नमूद करून ठेवले आहे.

यातील श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला, तरी झाडाचा स्वभाव कथाकाराने अचूक ओळखला आहे. ऑलिव्हचे खोड कालांतराने पोकळ होते, जळते, तोडलेही जाते. परंतु बुंध्याशी असलेल्या गाठींतून नवे धुमारे फुटत राहतात आणि झाड पुन्हा उभे राहते. क्रीट बेटावरील आनो वूवेस गावातील प्रसिद्ध वृक्षाचे वय किमान दोन हजार वर्षे असावे, असा अंदाज आहे. गाभाच उरला नसल्यामुळे वर्तुळे मोजून नेमका आकडा सांगता येत नाही. तो आजही फळतो, आणि २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमधील विजेत्यांच्या मुकुटांसाठी त्याच्या फांद्याही नेल्या होत्या.

अशा वृक्षाकडे प्राचीन अथेन्सने केवळ भक्तीने पाहिले नाही. त्याचा चोख बंदोबस्तही केला. देवीच्या मूळ झाडाचा वंश मानले गेलेले वृक्ष कोणाच्याही वावरात असोत, त्यांच्या तेलावर नगराचा हक्क असे, आणि असे झाड तोडणाऱ्यास एके काळी देहान्त शासन होते. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथात या वसुलीची हकीकत दिली आहे: जमीनधारकाकडून ठरल्या मापाने तेल घ्यावयाचे, ते अक्रोपोलिसवरील खजिनदारांच्या हवाली करावयाचे, आणि हा भरणा पुरा झाल्याखेरीज त्या वर्षीच्या मुख्य अधिकाऱ्यास अरिओपागस या प्रतिष्ठित मंडळात पाऊल ठेवावयाचे नाही. हेच तेल चित्रांकित मातीच्या कुंभांत भरून देवीच्या महोत्सवातील विजेत्यांना पारितोषिक म्हणून मिळे.

वृक्षाचा धीर हा असा शतकांच्या मापाचा आहे. फळाची गोष्ट अगदी निराळी. आपल्या घाण्यात जाणारा तीळ, करडई किंवा भुईमुगाचा दाणा कोरडा असतो, आणि म्हणून तो कणगीत महिनोन्महिने थांबू शकतो. ऑलिव्हचे तेल मुख्यतः गरात असते. ते फळाचा रसच होय, आणि फळ आंब्यासारखे नाशवंत. ते आपटले, पोत्यात दडपले, उबले, की त्यातील विकरे तेलाचे विघटन करू लागतात आणि तेलात मुक्त आम्ले वाढतात. ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ या सर्वोच्च प्रतीच्या तेलात अशी आम्ले ०.८ टक्क्यांहून अधिक असता कामा नयेत आणि चवीत दोष आढळता कामा नये, या दंडकाचे मर्म येथे आहे.

म्हणूनच ग्रीसमधील पेलोपोनीज आणि क्रीटमध्ये हिवाळ्याच्या तोंडाशी सुगी सुरू झाली, की घरातील सारी माणसे बागेत उतरतात. झाडाखाली जाळी अंथरतात, काठ्यांनी किंवा यांत्रिक दंताळ्यांनी कोरोनेकी जातीची बारीक फळे झोडपून पाडतात, पाने निवडतात, आणि बनेल तर त्याच दिवशी माल गिरणीवर नेतात. तेथे पूर्वी खेचराने फिरविलेल्या दगडी जात्याखाली फळे बियांसकट भरडली जात. तो लगदा बकऱ्याच्या केसांच्या चटयांत भरून, चटयांची उतरंड रचून, माणसे स्क्रूचा दाब पिळून बसवीत. गळालेल्या द्रवातील पाणी खाली राही आणि वर तरंगलेले तेल ओगराळ्याने काढून घेत. उरलेला चोथा सरपणाला जाई. या चित्राची ओढ मनाला वाटते. तथापि चटयांच्या विणीत अडकलेला लगदा आंबला, की पुढच्या तेलाला त्याचा वास लागे, हेही खरे. आज पोलादी यंत्रे लगदा २७ अंशांखाली मळून, गरगर फिरवून तेल वेगळे करतात. याने परंपरा भंगली असे मला वाटत नाही. जी त्वरा पूर्वजांना साधावयाची होती, ती साधण्याचे साधन तेवढे बदलले.

चार-पाच किलो फळांमागे जेमतेम लिटरभर तेल पडते. ते गिरणीच्या तोटीतून गर्द हिरवे, किंचित गढूळ असे उतरते, तेव्हा शेतकरी विस्तवावर भाजलेल्या पावाच्या जाड कापावर त्याची धार धरतो आणि पहिला घास घेतो. घास गिळताच घशात तिखट ठसका लागतो. नवख्याला तो दोष वाटेल. जाणत्याचा चेहरा मात्र त्याने उजळतो, कारण हा ठसका काळाबरोबर मावळत जाणारा आहे, आणि तो लागला म्हणजे आजोबा-पणजोबांनी राखलेल्या झाडाचे फळ आपल्या हातून वाया गेले नाही, याची खूण त्याला पटलेली असते.