छपराखालचे छप्पर

आमच्या वऱ्हाडात घराची खरी परीक्षा पावसाळ्यात होत नाही, वैशाखात होते. अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे चढला की माणूस प्रथम भिंतीकडे नव्हे, वर छपराकडे पाहतो. ज्याच्या डोक्यावर कवेलू, तो दुपारी घटकाभर डोळा लावू शकतो. ज्याच्या डोक्यावर टिन, तो कूलरपाशी पाट मांडून बसतो. आणि मृग जवळ आला की दोघेही सारखेच वर पाहू लागतात.

पुण्यामुंबईच्या वाचकांनी ‘कवेलू’ या शब्दाला अडखळू नये. तुमची कौले ती आमची कवेलू. त्यांतली देशी म्हणजे कुंभाराने घडवलेली अर्ध्या नळीची: एक उताणे, त्यावर एक पालथे. ना खिळा, ना चुना. केवळ आपल्या वजनाने बसायची. मांजर चालले तरी सरकायची, म्हणून दर उन्हाळ्यात कवेलू फेरणे हे लोणच्यापापडांइतकेच नेमाचे काम असे. शिवाय आमच्याकडे वानरे! एक टोळी या पाख्यावरून त्या पाख्यावर गेली की शंभर कवेलवांचा चुरा.

आमचे वडिलोपार्जित घर अमरावतीच्या जुन्या वस्तीत, परकोटाच्या आत. पेंढाऱ्यांच्या भीतीने निजामाच्या अमदानीत १८०७ साली बांधलेला हा दगडी कोट अजून ठिकठिकाणी उभा आहे. घर अर्थात इतके जुने नाही. मी नोकरीनिमित्त अकोल्याला, धाकटा भाऊ पुण्याला, आणि घरात एकट्या काकू, वय वर्षे ब्याऐंशी. गेल्या फाल्गुनात त्यांच्या खोलीवरची मयाल, म्हणजे छपराचा भार झेलणारी मुख्य तुळई, मधोमध चार बोटे वाकलेली दिसली.

भावाचे मत स्पष्ट होते: घर पाडावे, स्लॅब टाकावा, तोवर काकूंनी पुण्याला यावे. काकूंनी दोन वाक्यांत निकाल दिला. “बाबू, घर पाडाचं तं मी गेल्यावर पाडा. पण माह्या डोक्यावर पडू नका देऊ.”

मग आम्ही एक वृद्ध मिस्त्री गाठले. ते शिडीवर चढले, टिनाचा एक कोपरा उचकटला आणि आत हात घालून म्हणाले, “भाऊ, हे छप्पर नाई, कांदा हाय. सोलत जा, निंघत जाते.”

आणि खरेच तसे निघाले. सर्वांत वर टिनाचे पत्रे, वानरांना कंटाळून वडिलांनी घातलेले. त्याखाली दुपदरी कवेलू, जशीच्या तशी. त्याखाली वीतभर मातीचा थर, त्याखाली बांबूच्या तट्ट्या, आणि त्याही खाली तुराट्यांचा जुना साठा, हात लावताच भुगा होणारा. शेवटी सागवानाचे फाटे आणि मयाल. गळले की वर एक पदर घालायचा, असा हा तीन पिढ्यांचा व्यवहार! घालण्याचे काम दोन दिवसांचे, काढण्याचे काम महिन्याचे; मग काढणार कोण?

यात आपणच असे आळशी आहोत असे मात्र नाही. अमेरिकेत देवदारासारख्या लाकडाच्या फळकुटांची छपरे असतात. तिकडेही जुन्यावर नवे चढवण्याची चाल होती. तिकडच्या नमुना नियमांत आता दोन थर झाले की तिसरा न चढवता सारे उतरवावे, असे सांगितलेले आहे.

वजनाचा हिशेब मांडला तेव्हा मी स्वतःच दचकलो. अभियंते एकपदरी देशी कवेलवांचे वजन रिपांसह चौरस मीटरला सुमारे ७० किलो धरतात, दुपदरीचे १२०. आमचे छप्पर ६० चौरस मीटरांचे. म्हणजे ७,२०० किलो तर नुसती कवेलूच! माती आणि टिन वेगळे. त्या खाली काकू रोज रात्री झोपत होत्या.

काकूंना शेजारी हलवले. उतरवण्याचे तंत्र मिस्त्रींकडून शिकण्यासारखे होते. एक पाखे पुरते मोकळे करून मग दुसऱ्याला हात लावायचा, हे त्यांना मंजूर नव्हते. “एका अंगानं वझं गेलं का घर दुसऱ्या अंगाले कलते,” ते म्हणाले. म्हणून आढ्यापासून खाली, दोन्ही बाजूंनी सारखे, एक रांग इकडची, एक तिकडची. मयालीखाली आधीच दोन टेकू दिलेले. दहाव्या दिवशी घरात आकाश दिसले.

आता निर्णयाची घटका. मिस्त्रींनी मयालीत ठिकठिकाणी टोच्या मारून पाहिला. मधल्या सागाने त्याला दाद दिली नाही. भिंतीत शिरलेले एक टोक मात्र ओलीने आणि वाळवीने हातभर खाल्लेले. तीन फाटे पोकळ. बाकी लाकूड धड. पुण्याच्या भावाशी फोनवर तासभर वाद झाला. अखेर ठरले: खाल्लेले टोक कापायचे, तिथे सागाचा नवा खांब उभा करायचा, तीन फाटे बदलायचे, आणि वर मंगलोरी.

मंगलोरी कवेलू १८६५ सालापासूनची. बाझल मिशनच्या प्लेब्स्टसाहेबांनी मंगळुरास पहिला कारखाना काढला. तिच्या कडांना खाचा असतात, एक दुसरीला धरून राहते. सुमारे ३२ सेंटिमीटरवर रिपा ठोकल्या की झाले. चौरस मीटरला पंधरा पुरतात. आम्हांला ९०० लागायची. वानरांचा वाटा धरून हजार आणली. रिपांसह वजन चौरस मीटरला ६५ किलो, म्हणजे मयालीवरचे ३,३०० किलो ओझे एकट्या कवेलवांत उतरले. टिन त्याहून कितीतरी हलके, पण वैशाखात त्याखाली ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला ठेवणार कसे?

शेवटची रांग चढली ती मृगाच्या आदल्या दिवशी. आषाढातला पहिला जोराचा पाऊस झाला त्या रात्री मी अकोल्याहून फोन केला. काकू म्हणाल्या, “गळत नाई. पण आवाज बदलला रे घराचा.” भाऊ दिवाळीला येणार आहे, त्याचे मत बदललेले नाही. बदलूही नये, स्लॅबचा दिवस केव्हातरी येईलच.

वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर चढाल तेव्हा बॅटरी घेऊन जा आणि मयालीची टोके, विशेषतः भिंतीत शिरलेली, एकदा टोचून पाहा. खर्च काही नाही. आणि सापडले तर उन्हाळ्याला अजून सहा महिने हाताशी आहेत.