त्याला थेट विचारा

खरवईहून बदलापूरला पहाटेची लोकल गाठणारे पुरुष दवाखान्यात येतात ते पित्त, पाठदुखी नाहीतर झोपेच्या गोळीसाठी. मनाचे कोणी बोलत नाही. पत्नी मात्र सांगते, ‘हे हल्ली फार चिडतात, पिणेही वाढलंय.’ पुरुषांतले नैराश्य पुष्कळदा असेच दिसते. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. दहांत सात पुरुष होते. सर्वाधिक नोंद महाराष्ट्रात झाली.

‘जीव नकोसा वाटतो का? जीव द्यावा असं मनात येतं का?’ असे थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट माणूस मोकळा होतो. (पूर्वी मीही विचारायला कचरत असे.) उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. रात्र असेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी चोवीस तास मोफत आहे.