ओटीपर्यंत वायर नेताना

माजघरातल्या अँप्लिफायरपासून ओटीवरच्या स्पीकरपर्यंत, भिंतीच्या कडेकडेने, आंजर्ल्याच्या जुन्या घरात सहज 15 मीटर वायर लागते. जाऊन-येऊन 30. तांब्याची 1 चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर रोध अर्ध्या ओहमवर जातो. 8 ओहमच्या स्पीकरला तो 0.4 च्या आत हवा. 2.5 ची घ्या, 0.2 वर येतो.

खरा घात जोडावर होतो. खाऱ्या वाऱ्याने उघडं तांबं आधी काळवंडतं, मग हिरवं पडतं, आणि आवाज खरखरतो. नुसता पीळ देऊन काळी टेप गुंडाळू नका, पावसाळ्यात तिचा डिंक सुटतो. सोल्डर करा, वर हीट श्रिंक नळी चढवा. लाल खुणेची तार दोन्ही टोकांना लाल टर्मिनललाच लावा. दोन स्पीकरपैकी एकाचीच उलटी लागली, तर डग्ग्याचा घुमारा हरवतो.